जहाजावरची आपली बाटली

क्रूझवर स्वतःची दारू नेता येते का, या प्रश्नाला बहुतेक बड्या कंपन्यांचे उत्तर जवळपास सारखेच असते: वाईनची एक बाटली चालेल, बाकी काही नाही. ही बाटली ७५० मिलिलिटरची आणि सीलबंद हवी. पिण्याचे वय झालेल्या प्रत्येक प्रवाशामागे एक, आणि तीही फक्त पहिल्या दिवशी, जहाजावर चढताना, हातातल्या बॅगेतून. शॅम्पेन वाईनमध्येच धरली जाते. व्हिस्की, रम, व्होडका, जिन, टकिला यांना मज्जाव असतो आणि बिअरलाही बहुधा असतोच. आपल्याकडे ज्याला खंबा म्हणतात त्याच मापाची बाटली असते. फरक एवढाच, की आत आंबवलेला द्राक्षरस असेल तर ती जहाजावर जाते आणि भट्टीतून निघालेले काही असेल तर धक्क्यावरच राहते.

या नियमाला ठेचकाळतो तो बहुधा लांबून आलेला प्रवासी. मुंबईहून निघताना किंवा दुबईत विमान बदलताना ड्यूटी फ्रीमधून स्कॉच घ्यायची, ही आपल्याकडच्या परदेशवारीची जुनी रीत आहे. मायामीपर्यंत ती बाटली निर्वेध जाते, कारण विमानाचे नियम निराळे आहेत. चेक-इन केलेल्या सामानात २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू माणशी पाच लिटरपर्यंत चालते आणि ७० टक्क्यांच्या वरची अजिबात नाही. हा हिशेब आगीच्या धोक्याचा आहे. जहाजाचा हिशेब दुसराच असल्याने विमानातून सुखरूप आलेली बाटली बंदराच्या दारात अडते.

कंपनीगणिक तपशील बदलतात आणि दरवर्षी थोडे थोडे हलतातही, म्हणून तिकिटाबरोबर येणारा करार वाचण्याला पर्याय नाही. तरी ढोबळ चित्र बरेच स्थिर आहे. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन वर सांगितलेल्या साच्यातल्या. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका पहिली बाटली फुकट सोडतात आणि त्यापुढच्या प्रत्येक बाटलीवर पैसे लावतात. नॉर्वेजियनने याहून सरळ मार्ग धरला आहे: वाईन कितीही आणा, पण बाटलीमागे १५ डॉलर द्या आणि दीड लिटरची मोठी बाटली असेल तर ३०. पैसे चढतानाच घेतले जातात. मग बाटली केबिनमध्ये प्या नाहीतर जेवणाच्या टेबलावर. डिस्ने तर लहान मुलांची कंपनी, पण दारूच्या बाबतीत इतरांपेक्षा सैल. एकवीस वर्षांवरील प्रवाशाला वाईनच्या दोन बाटल्या किंवा बिअरचे सहा कॅन नेता येतात, आणि केवळ सुरुवातीलाच नव्हे तर प्रत्येक बंदरावर पुन्हा. २०१५च्या शरदापर्यंत तिथे हार्ड लिकरही चालत असे.

अटलांटिकच्या पलीकडे सूर थोडा बदलतो. ब्रिटिश प्रवाशांच्या जुन्या परिचयाची पी अँड ओ माणशी एक लिटर दारू नेऊ देते आणि त्यात वाईन की स्पिरिट असा भेद करत नाही. व्हायकिंगच्या जहाजांवर आपली बाटली आणण्याला बंदी नाही आणि तिच्यावर आकारही नाही. या कंपनीची जहाजे लहान, प्रवासी उतारवयाचे, तिकीट महाग आणि जेवणासोबतची वाईन व बिअर तिकिटातच धरलेली. ज्या जहाजाला पेल्यापेल्यातून पैसा काढायचा नाही त्याला पाहुण्याच्या बाटलीची भीती नसते. ऱ्हाईनसारख्या नदीवर तर दोन्ही तीरांवर द्राक्षांचे मळेच दिसत असतात. दुपारी गावात उतरून घेतलेली रीसलिंग संध्याकाळी केबिनमध्ये उघडली तरी तिथे सहसा कोणाच्या भुवया उंचावत नाहीत.

वयाची अट मात्र सगळीकडे कडक आहे. अमेरिकेतल्या बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांवर ती २१ वर्षांची असते. युरोप, ऑस्ट्रेलिया आणि आशियातल्या बऱ्याच सफरींत १८. एकच जहाज उन्हाळ्यात बार्सिलोनाहून आणि हिवाळ्यात फ्लोरिडाहून निघाले, की त्याच बारमध्ये तोच एकोणीस वर्षांचा मुलगा जूनमध्ये प्रौढ आणि डिसेंबरात अल्पवयीन ठरतो.

कॉर्केज म्हणजे बुचाचा आकार. आपली बाटली जेवणाच्या दालनात किंवा बारमध्ये उघडून घेतली की तो लागतो. केबिनमध्ये स्वतःच उघडली तर बहुतेक ठिकाणी लागत नाही. बऱ्याच कंपन्यांचा दर १५ ते २० डॉलरच्या आसपास असतो, डिस्नेचा त्याहून बराच वर. वेटर बाटली घेतो, उघडतो, बर्फात ठेवतो, पेले मांडतो आणि अर्धी उरली तर केबिनचा क्रमांक लावून दुसऱ्या रात्रीसाठी जपून ठेवतो. या सेवेला पैसे मागणे अवास्तव नाही. गंमत अशी, की दुकानातून दहा डॉलरची वाईन आणणाऱ्याला बूच बाटलीपेक्षा महाग पडते, तर घरून एखादी जुनी, मोलाची बाटली जपत आणणाऱ्याला तो आकार जाणवतही नाही. म्हणून कॉर्केज भरणाऱ्यांत लग्नाचा वाढदिवस साजरा करणारी जोडपी जास्त दिसतात. स्वस्त बाटलीवाले केबिनच्या बाल्कनीत दात घासायच्या ग्लासातून पितात.

बाटली कोणत्या बॅगेत ठेवायची, हा बारीक वाटणारा मुद्दा प्रत्यक्षात महत्त्वाचा आहे. टर्मिनलच्या दारात मोठ्या सुटकेसेस हमालाच्या ताब्यात जातात. त्या वेगळ्या वाटेने, एक्स-रेमधून, जहाजाच्या पोटात पोचतात आणि दुपारनंतर केबिनच्या दारापाशी येऊन उभ्या राहतात. प्रवासी मात्र हातातली बॅग घेऊन जिन्याने वर जातो. परवानगी असलेली वाईन या हातातल्या बॅगेतच हवी. सुटकेसमध्ये टाकली तर बाटली नियमात बसत असूनही बॅग बाजूला काढली जाऊ शकते. संध्याकाळ झाली तरी सुटकेस आली नाही, की समजावे ती खालच्या डेकवर सिक्युरिटीच्या खोलीत अडकली आहे. नेहमीचे प्रवासी तिला थट्टेने नॉटी रूम म्हणतात.

त्या खोलीचे दृश्य एकदा पाहण्यासारखे असते. भिंतीला लागून सुटकेसेसची रांग आणि टेबलावर जप्तीचा माल: इस्त्र्या, मेणबत्त्या, वायरचे लांब एक्स्टेन्शन बोर्ड. एका सफरीत माझ्या पुढे उभ्या असलेल्या पुणेरी काकांची इलेक्ट्रिक किटली निघाली होती. जहाजावरचा चहा पाण्यासारखा असतो, या त्यांच्या तक्रारीत तथ्य होते, पण अधिकाऱ्याच्या यादीत किटली होती आणि चहाच्या दर्जासाठी रकाना नव्हता. त्यांच्या मागच्या गृहस्थाच्या बॅगेतून माउथवॉशची भलीमोठी निळी बाटली निघाली. अधिकाऱ्याने झाकण फिरवले, नाकाजवळ नेले आणि काही न बोलता ती बेसिनमध्ये रिकामी केली. गृहस्थानेही हूं की चूं केले नाही. रंग खाण्याचा होता, आत व्होडका होती आणि पुदिन्याचा वास घालायचा मात्र राहून गेला होता.

चोरून नेण्याच्या या कलेवर एक छोटासा धंदाच उभा आहे. रम रनर नावाच्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्या मिळतात. त्यात दारू भरून कपड्यांच्या घडीत ठेवायची. दुर्बिणीच्या आकाराचे फ्लास्क आहेत, सनस्क्रीनच्या नळकांड्या आहेत, पोकळ दांड्याच्या छत्र्या आहेत. काच नाही, धातू नाही म्हणून यंत्राला दिसणार नाही, हा त्यामागचा भरवसा. पण एक्स-रे यंत्र केवळ धातू शोधत नाही. द्रवाची घनता कपड्यांपेक्षा निराळी दिसते आणि लिटरभर द्रव कोणत्याही पिशवीत लिटरभरच असतो. अशा पिशव्या कधी सुटतात त्या अदृश्य असतात म्हणून नव्हे. काही तासांत हजारो बॅगा तपासायच्या असतात आणि पट्ट्यासमोर बसलेला माणूस थकतो, म्हणून. जो प्रकार काही काळ खरोखर चालला तो फार साधा होता: पाण्याची बाटली. पारदर्शक दारू भरायची आणि झाकण पुन्हा कारखान्यातल्यासारखे घट्ट बसवायचे. पाण्याच्या चोवीस बाटल्यांच्या खोक्यातली नेमकी कोणती फोडून पाहणार? यावर कार्निव्हलने जुलै २०१५मध्ये सरसकट उपाय केला. प्रवाशांनी बाटलीबंद पाणी किंवा सरबत आणायचेच नाही. मद्यविरहित पेय हवे असेल तर माणशी डझनभर छोटे कॅन किंवा खोकी हातातून आणायची. कॅन उघडून पुन्हा बंद करता येत नाही, एवढेच त्यामागचे तर्कशास्त्र. बाळाच्या दुधासाठी घरचे पाणी नेणाऱ्या आईबापांना तो नियम जाचला आणि त्यांचा त्यात काही दोष नव्हता.

सापडलेल्या दारूचे पुढे काय होते, हेही कंपनीवर अवलंबून आहे. काही जण पावती देऊन ती ठेवून घेतात आणि सफर संपताना परत करतात. कार्निव्हलसारख्या कंपन्या चढतानाच्या तपासणीत सापडलेला नियमबाह्य माल सरळ फेकतात आणि भरपाई देत नाहीत. ड्यूटी फ्रीची स्कॉच घेऊन आलेल्या माणसाला म्हणूनच दोनच मार्ग उरतात: हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे ठेवून येणे, नाहीतर आदल्या रात्री संपवणे. फ्लोरिडात भाचे-पुतणे असलेल्यांची पहिल्या मार्गाने सोय होते.

या कडकपणाचे पहिले कारण पैसा आहे आणि कंपन्या ते फारसे लपवतही नाहीत. कार्निव्हल समूहाचे २०२३चे उत्पन्न सुमारे २,१६० कोटी डॉलर होते. त्यातले साधारण १,४०० कोटी तिकिटांतून आले आणि उरलेले, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, बार, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, दुकाने अशा जहाजावरच्या खर्चातून. तिकीट स्वस्त ठेवायचे आणि माणूस चढल्यावर हळूहळू वसूल करायचे, या गणितावर आजचे मोठे क्रूझ उभे आहे. अमेरिकन बारमधला एक पेग साधारण ४५ मिलिलिटरचा असतो, म्हणजे खंब्यात सोळा पेग. जहाजावर कॉकटेल बारा डॉलरला धरले तर त्या बाटलीची किंमत दोनशे डॉलरच्या घरात जाते आणि टीपची टक्केवारी वेगळी. मायामीच्या दुकानात तीच बाटली पंधरावीस डॉलरला मिळते. हा फरक इतका मोठा आहे, की एरवी टॅक्सीचेही पैसे न बुडवणारा सज्जन माणूस छत्रीच्या दांड्यात जिन भरायला तयार होतो.

अमर्याद पेयांची पॅकेजे हा त्याच गणिताचा पुढचा भाग. कार्निव्हलचे पॅकेज नावाला मोकळे असले तरी चोवीस तासांत पंधरा मद्यपेयांवर थांबते आणि एका केबिनमधल्या एका प्रौढाने घेतले तर दुसऱ्या प्रौढालाही घ्यावेच लागते. नाहीतर एकाच्या कार्डावर दोघे प्यायचे. नवरा दिवसाला सहा पेग रिचवणारा आणि बायको फक्त लिंबू सरबत पिणारी असेल, तर हे पॅकेज मराठी घरात टिकणे अवघड आहे. तिथे बायकोच कॅल्क्युलेटर काढते.

मग वाईनची एक बाटली तरी का सोडतात? त्याचे कारण हिशेबात आणि रिवाजात मिळून सापडते. वाईनची बाटली उघडली की एका-दोन रात्रीत संपते, दोघांत वाटली जाते आणि सहसा जेवणाबरोबर प्यायली जाते. तिच्यामुळे बारचा धंदा बुडत नाही. उलट टेबलावर उघडली तर कॉर्केज मिळतो. व्हिस्कीची बाटली मात्र केबिनमध्ये आठवडाभर पुरते आणि तो प्रवासी आठवडाभर बारकडे फिरकत नाही. एका बाटलीची ही सवलत म्हणजे पूर्ण बंदीवर उठणारी ओरड थांबवण्यासाठी दिलेला स्वस्तातला वाटा आहे. उदारपणा म्हणून तिच्याकडे पाहण्याचे कारण नाही.

दुसरे कारण जबाबदारीचे आहे आणि ते केवळ सबबीदाखल सांगितलेले नसते. बारमधल्या माणसाला किती प्यायला दिले याची नोंद केबिनच्या कार्डावर राहते. तोल गेलेल्याला देणे थांबवता येते. केबिनमधल्या बाटलीवर कोणाची नजर नसते, आणि बाहेर बाल्कनीचा कठडा आणि खाली समुद्र असतो. २००४मध्ये फ्लोरिडाच्या एका अपील न्यायालयाने जहाजावर जास्त दारू पाजल्यामुळे पडून जखमी झालेल्या प्रवाशाचा दावा चालू ठेवण्यास मान्यता दिली. प्रवाशाच्या सुरक्षिततेची काळजी घेणे हे जहाज कंपनीचे कर्तव्यच आहे, असा त्याचा आशय. त्यानंतर किती पाजायचे याकडे कायदेतज्ज्ञांचे लक्ष असणे स्वाभाविक होते. आपण विकलेली नाही त्या दारूचे परिणाम निस्तरायला कोणतीही कंपनी उत्सुक नसते. केबिनमध्ये आईबापांची बाटली आणि शेजारी सतरा वर्षांचा मुलगा, ही जोडीही त्यांना नको असते.

एक्स-रे यंत्रे मात्र दारूसाठी आलेली नाहीत. २००१च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाज आणि बंदरांच्या सुरक्षेची संहिता केली आणि ती १ जुलै २००४पासून लागू झाली. सामान तपासणे त्यानंतर सक्तीचे झाले. शस्त्र शोधायला बसवलेल्या यंत्रात बाटल्याही दिसू लागल्या, आणि करारात पूर्वीपासून असलेल्या अटींना दात फुटले.

समुद्रावरच्या दारूचा कायद्याशी झगडा याहून बराच जुना आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांचे काय करायचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२३च्या कुनार्ड विरुद्ध मेलन या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. अमेरिकन जहाज खुल्या समुद्रात असताना त्याला दारूबंदीचा कायदा लागू नाही. पण परदेशी जहाजाने दारू सीलबंद कोठारात ठेवलेली असली तरी ती अमेरिकेच्या हद्दीतल्या पाण्यात आणता येणार नाही. परतीच्या प्रवासात प्रवाशांना द्यायची वाईनही बंदरात येऊ शकत नाही म्हटल्यावर युरोपीय कंपन्या हवालदिल झाल्या. १९२४मध्ये ब्रिटन-अमेरिका करार झाला: ब्रिटिश जहाजांनी दारू सीलबंद ठेवून बंदरात आणावी आणि त्या बदल्यात किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरापर्यंत चोरटी जहाजे तपासण्याचा हक्क अमेरिकेला मिळावा. अमेरिकन सरकारी कंपनीचे प्रचंड लेव्हायथन जहाज मात्र कोरडेच राहिले आणि तहानलेले प्रवासी ब्रिटिश व फ्रेंच जहाजांकडे वळले. बंदरात कोठाराला सील आणि बाहेर पडल्यावर ते उघडणे, ही पद्धत तेव्हापासून बऱ्याच लोकांच्या ओळखीची झाली. आजही जहाजावरची ड्यूटी फ्री दुकाने बंदरात बंद असतात आणि जहाज बाहेर पडले की उघडतात, ते याच जातीच्या नियमांमुळे.

सफरीच्या मधल्या दिवसांत नियमाचा दुसरा अध्याय सुरू होतो. कॅरिबियन बेटांवर रम, कोझुमेलला टकिला, आणि सेंट थॉमसच्या मुख्य रस्त्यावर तर दागिन्यांच्या खालोखाल दारूचीच दुकाने. तिथे घेतलेली बाटली जहाजावर आणायला बंदी नाही, पण बहुतेक जहाजांवर ती सफरीत प्यायची नाही. जिन्याच्या टोकाशी सुरक्षा अधिकाऱ्यांचे टेबल असते. तिथे बाटली द्यायची, केबिनचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यायची आणि विसरून जायचे. जहाजावरच्याच दुकानातून घेतलेली लिटरभर व्हिस्कीसुद्धा याच कोठडीत जाते. गिऱ्हाइकाने पैसे मोजलेले असतात, माल त्याचा असतो, पण ताबा शेवटच्या दिवशी.

या शेवटच्या दिवसाची वेळ सांभाळावी लागते. बाटल्या बहुतेक कंपन्या शेवटच्या दुपारी किंवा संध्याकाळी देतात. त्याच रात्री मोठ्या सुटकेसेस भरून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, म्हणजे सकाळी त्या टर्मिनलवर थेट मिळतात. ज्याने बाटली येण्याआधीच सुटकेस बाहेर ठेवली त्याच्याकडे मग लिटरभर रम आणि केवळ हातातली पिशवी उरते. थेट विमानतळ गाठायचा असेल तर शंभर मिलिलिटरची मर्यादा आड येते आणि बंदराबाहेर, बसच्या रांगेत, सुटकेस उघडून घड्या विस्कटून बाटली मोज्यांत गुंडाळण्याचा कार्यक्रम होतो. चाळीस माणसांचा गट असेल तर तो चाळीस जणांच्या देखत होतो. टूर मॅनेजर मंडळी म्हणूनच आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलांवर फिरून बाटल्या आल्या का, म्हणून विचारतात.

जहाजातून उतरल्यावर कंपनीचा अधिकार संपतो आणि कस्टम्सचा सुरू होतो. अमेरिकेत उतरणाऱ्या २१ वर्षांवरील प्रवाशाला एक लिटर दारू शुल्काविना नेता येते. अमेरिकेत राहणाऱ्यांना काही कॅरिबियन देशांतून परतताना एक लिटर जास्त मिळते, पण त्यातला एक लिटर त्या देशात तयार झालेला हवा. सेंट थॉमससारख्या यूएस व्हर्जिन बेटांवरून येताना मर्यादा पाच लिटरपर्यंत जाते. यावरची दारू जप्त होत नाही. तिच्यावर शुल्क भरायचे असते आणि ते सहसा भीती वाटावी इतके नसते. टेक्सासची तऱ्हा निराळी. गॅल्व्हेस्टन बंदरावर केंद्राच्या कस्टम्सपलीकडे राज्याच्या मद्य आयोगाचा काउंटर असतो आणि प्रत्येक बाटलीवर राज्याचा कर व वर थोडे प्रशासन शुल्क घेतले जाते. ह्यूस्टनच्या मराठी मंडळींना हा काउंटर परिचयाचा आहे, कारण त्यांच्या क्रूझ बहुधा इथूनच सुटतात.

महाराष्ट्रातून सहकुटुंब क्रूझला जाणाऱ्या अनेकांची पहिली सफर सिंगापूरहून असते, आणि तिथला नियम न कळल्याने बरेच जण फसतात. सिंगापुरात परतताना दोन लिटरपर्यंत शुल्कमाफी मिळते, पण त्यासाठी देशाबाहेर किमान ४८ तास राहिलेले असावे लागते आणि मलेशियातून येणाऱ्यांना ती अजिबात मिळत नाही. पिनांग किंवा पोर्ट क्लांगला जाऊन येणारी सफर म्हणजे मलेशियाच. तेव्हा जहाजावर स्वस्त दिसलेली व्हिस्की सिंगापूरच्या धक्क्यावर उतरवताना शुल्क भरावे लागते, मग स्वस्ताई कुठे उरली? भारतात विमानाने परतताना दोन लिटरची सवलत असते. म्हणून ती बाटली चांगी विमानतळावर, घरी परतताना घ्यावी.

भारतातल्या सफरींत चित्र वेगळे होते, कारण इथे दारू हा राज्यांचा विषय आहे. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सप्टेंबर २०२१पासून सुटू लागलेले कॉर्डेलियाचे एम्प्रेस जहाज १९९०मध्ये नॉर्डिक एम्प्रेस या नावाने रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात आले होते, तेव्हा त्याला क्रूझच्या रिवाजांची सवय जुनीच. त्यावर बाहेरची दारू चालत नाही, वाईनची एक बाटलीही नाही. मुंबई-गोवा ही देशांतर्गत फेरी असल्याने तिथे ड्यूटी फ्रीचाही प्रश्न येत नाही. सीमाशुल्क कायद्याप्रमाणे आयात केलेला जहाजी साठा शुल्काविना वापरता येतो तो जहाज परदेशगामी असतानाच. भारताच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणाऱ्या जहाजाला ती सवलत नाही. समुद्रावर स्वस्त दारू मिळेल या आशेने चढलेल्या मंडळींचा बारचे पहिले मेन्यूकार्ड पाहून हिरमोड होतो, त्याचे एक कारण हे.

गोव्यात उतरल्यावर मोह अटळ असतो. पणजीच्या दुकानांत व्हिस्की महाराष्ट्रापेक्षा कितीतरी स्वस्त, शिवाय २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली काजूची फेणी समोरच. ती घेऊन मुरगावला परत जहाजावर आलेल्या प्रवाशाची बाटली सुरक्षा टेबलावर जमा होते, हा कंपनीचा नियम. मुंबईत उतरताना मात्र महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा लागू होतो, तो मुळात १९४९चा. महाराष्ट्रात दारू बाळगायला परवाना लागतो. हार्ड ड्रिंकसाठी वयाची अट २५ आहे, आणि गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवानगीशिवाय आणणे गुन्हा आहे. सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांत ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी दर आठवड्याला वाचायला मिळते. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर ट्रकच्या टपापासून दुचाकीच्या डिकीपर्यंत सगळे उघडून पाहिले जाते. समुद्रमार्गाने आलेल्या फेणीला यातून वेगळी सूट नाही. वाहतूक परवाना गोव्यातच काढता येतो, पण पणजीत चार तास मिळालेले असताना त्यासाठी कचेरीत जाणारा पर्यटक विरळा.

लक्षद्वीपच्या सफरीत प्रश्न आणखी सोपा होतो, कारण तिथे दारूबंदीच आहे. बंगाराम हे पर्यटकांसाठीचे बेट सोडले, तर कुठल्याही बेटावर दारू नेता किंवा विकत घेता येत नाही. जहाजाच्या बारमध्ये बसलेला माणूस बेटावर उतरायच्या होडीत चढताना बिअरचा कॅनही सोबत नेऊ शकत नाही. मालदीवचेही तसेच. कोस्टा कंपनीची जहाजे काही हिवाळे मुंबईहून मालेला जात असत आणि त्यांच्यावर चढण्या-उतरण्यासाठी कित्येक प्रवासी एका बाजूने विमानाने प्रवास करत. मालेच्या विमानतळावर सामानात दारू सापडली तर कस्टम्स ती काढून घेतात आणि पावती देतात. प्रवासी त्याच विमानतळावरून देशाबाहेर जाणार असेल तर पावती दाखवून बाटली परत मिळते. तो जहाजाने निघून गेला, तर ती तिथेच राहते.